हरलेल्या संघाचा एक गुण

रग्बीच्या स्पर्धेत बोनस गुण देणे न्याय्य आहे का, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसले. प्रश्न खेळाचा आहे आणि मी खेळाडू नाही. मी शाळेत गणित शिकवते. तरीही हा प्रश्न माझ्या मागे लागला, कारण एका सामन्यानंतरच्या संध्याकाळी माझी मुलगी ‘बोनस मिळाला का’ हे मला पुनःपुन्हा विचारत राहिली, आणि ती ते पुनःपुन्हा का विचारते आहे हे मला उशिरा कळले.

आधी नियम सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. पंधरा-पंधरा जणींच्या या खेळात चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो. त्याचे पाच गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू लाथाडता आला तर आणखी दोन. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडल्यावर मिळणारी पेनल्टी खांबांमधून गेली तर तीन. हे झाले सामन्यातले गुण. स्पर्धेच्या तक्त्यातले गुण वेगळे असतात. जिंकणाऱ्याला चार, बरोबरी झाली तर दोघांना दोन-दोन, हरणाऱ्याला शून्य. आणि यावर बोनस. चार किंवा अधिक ट्राय केले तर एक गुण, मग तुम्ही जिंका किंवा हरा. आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलात, तर हरूनही एक गुण.

मुलीने हा नियम मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मी म्हटले, “हरल्याबद्दल गुण? हे कुठले शास्त्र?”

“तू पेपरात पायऱ्यांचे मार्क देतेस ना?” ती म्हणाली. “उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असल्या तर देतेस ना? तसंच आहे ते.”

पायऱ्यांच्या गुणांसाठी मी शिक्षकांच्या खोलीत अनेकदा भांडले आहे. एका गुणाने हरलेला संघ आणि पन्नास गुणांनी हरलेला संघ यांना सारखेच शून्य मिळावे, हे मलाही पटणारे नव्हते.

तरी एक शंका राहिली, आणि ती हिशोबाची होती. बोनस नसला तर प्रत्येक सामन्यात एकूण चारच गुण वाटले जातात. बोनस आल्यावर एखाद्या सामन्यात चार, तर एखाद्यात सात गुण वाटले जाऊ शकतात: जिंकणाऱ्याला पाच, हरणाऱ्याला दोन. म्हणजे एकाच परीक्षेतला एक पेपर चार गुणांचा आणि दुसरा सात गुणांचा, आणि कोणता पेपर किती गुणांचा हे तो सोडवून झाल्यावरच कळणार. मी हे मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आई, तू एकदा मॅच बघायला ये.”

मी गेले. पुढे प्रत्येक सामन्याला गेले, आणि प्रत्येक वेळी घाबरले. मुलींची डोकी एकमेकींच्या खांद्यांत अडकलेली, मग सगळ्या मिळून रेटा, मग एखादी खाली. ती खालची माझी आहे का, एवढेच मी पाहत असे. गुणांचा तक्ता सांभाळायचे काम मी अंगावर घेतले ते याच कारणाने. शाळेतून आणलेला छोटा फळा, खडू आणि ओले फडके हातात असले की डोळ्यांना मैदानावरून काढून घ्यायला निमित्त मिळत असे.

स्पर्धा पाच संघांची होती. प्रत्येकाचे प्रत्येकाशी एकदा, म्हणजे वाट्याला चार सामने. पहिले दोन संघ पुढच्या फेरीला जाणार. सामन्यांचे वेळापत्रक शहरातल्या क्रीडाशिक्षकांनी ठरवले, आणि शिक्षक ठरवतात तसेच ठरवले: सहामाही परीक्षा कधी संपते, दिवाळीची सुटी कधी लागते, वार्षिक स्नेहसंमेलनाला हॉल कधी मिळतो. यात चूक काढण्यासारखे मलाही काही दिसले नव्हते.

आमच्या संघाचा शेवटचा सामना रामटेककडच्या संघाशी होता. सगळ्या स्पर्धेतलाच तो शेवटचा सामना. मैदान कळमन्याच्या बाजूला, गवत नावापुरते, खाली कडक माती. फळ्यावर आम्ही दहा गुणांवर होतो. आमच्याच शहरातला दुसरा एक संघ आपले चारही सामने संपवून दहावरच थांबला होता. पहिले स्थान आधीच तिसऱ्याच संघाने घेतलेले. गुण सारखे झाले तर आपसातला सामना जिंकणारा पुढे, असा नियम, आणि आपसातल्या सामन्यात त्या संघाने आम्हाला हरवले होते. म्हणून आम्हाला अकरावा गुण हवा होता. जिंकून, बरोबरी करून, चार ट्राय करून किंवा सातच्या आत हरून. फक्त एक.

मैदानाच्या कडेच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. डोक्याला दुपट्टा, हातात भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. रामटेककडच्या एका खेळाडूचे ते काका. मुलींना गावाहून आपल्या गाडीतून तेच घेऊन आले होते.

“तुमची कोणती हाय?” त्यांनी विचारले.

मी दाखवली.

“ते बारकी? थे काय ढकलन वं बाई आमच्या पोट्ट्यायले!”

“मागच्या महिन्यात तुमचा संघ वाईट हरला होता,” मी फळ्याकडे बोट दाखवून म्हटले. बोलण्यात थोडी खोच होती, ती मुद्दाम होती.

काका हसले. “तवा आमच्या पोरी वावरात होत्या, बाई. धान कापून राहिल्या होत्या. घरचं धान उभं सोडून कोन पाठवते? अकरा-बारा जनी आल्या, त्याबी अशा का ज्याईले चेंडू कोनीकडून धरायचा थे माहीत नाही. त्या तुमच्या दुसऱ्या टीमनं त्याईले धू धू धुतलं अन् वरून बोनसबी घेतला. आता कापनी झाली. आता पूर्‍या पंधरा हायेत. घ्या, शेंगा खा.”

मी शेंगा घेतल्या, पण खाल्ल्या नाहीत. मी फळ्याकडे पाहिले. त्या दुसऱ्या संघाच्या दहा गुणांत पाच गुण याच एका सामन्याचे होते: चार विजयाचे, एक चार ट्रायचा. वेळापत्रक करताना परीक्षा पाहिली गेली, सुटी पाहिली गेली, धान पाहिले गेले नाही. कापणीच्या आठवड्यांत ज्यांची गाठ रामटेककडच्या संघाशी पडली त्यांना सोपा पेपर आला, आणि आम्हाला तोच पेपर कापणीनंतर आला.

तो किती अवघड आहे हे थोड्याच वेळात दिसले. काकांच्या मुली भक्कम होत्या, आणि मुख्य म्हणजे दमत नव्हत्या. आमच्या दोघी पायात गोळे येऊन बाहेर आल्या, एकीचे बोट सुजले. राखीव तीनच होत्या. तिघीही आत गेल्या. शेवटची काही मिनिटे उरली तेव्हा त्यांचे चोवीस आणि आमचे सतरा गुण झाले होते. फरक सात. म्हणजे आम्ही हरत होतो, आणि पुढेही जात होतो.

ज्या खेळात बोनस नाही तिथे अशा वेळी सामना संपलेला असतो. लोक चपला शोधू लागतात. इथे कोणीही उठले नाही. आमचे प्रशिक्षक सर दोरीजवळून ओरडत होते, “सात! सात! फक्त थांबवा! ट्राय होऊ देऊ नका!” काकाही उभे राहिले होते. “ढकल ना वं! काहून थांबली?” म्हणून पुतणीला हाका मारत होते. त्यांच्या संघाला या सामन्यातून पुढे जाता येणार नव्हते, पण तीन ट्राय झाले होते आणि चौथा त्यांना हवा होता.

तेव्हाच माझी मुलगी कोणाच्या तरी पायांना झेपावली आणि खाली गेली. आवाज मी पायऱ्यांवर ऐकला. दोन डोकी, किंवा डोके आणि गुडघा. दुसरी उठून पळाली. माझी जरा वेळाने उठली. सरांनी विचारले, “ठीक ना?” तिने अंगठा वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग सगळ्या पुन्हा रांगेत उभ्या राहू लागल्या, आणि माझी मुलगी आमच्याच खांबांकडे तोंड करून उभी राहिली.

शेजारच्या मुलीने तिला खांद्याला धरून फिरवले. ती फिरली. कोणाला त्यात काही वाटले नाही. मी फळा ठेवला आणि पायऱ्या उतरले. पालकांनी दोरीच्या आत यायचे नाही, हा नियम मीच इतर पालकांना समजावून सांगत असे. मी दोरीखालून आत गेले.

“मॅडम, मॅडम, कुठे?” सर धावत आले.

“तिला बाहेर काढा. तिच्या डोक्याला लागलं आहे.”

“तिनं अंगठा दाखवला ना. मॅडम, सातचा फरक आहे. बाहेर कोणी नाही बदलीला. चौदा जणींवर यांना नाही थांबवता येणार.” त्यांचा आवाज दुष्ट नव्हता. त्यांनाही भीतीच वाटत होती, फक्त वेगळ्या गोष्टीची. “दोन-तीन मिनिटं फक्त.”

मी मुलीला हाक मारली. तिने पाहिले. वर्गात विचारते त्याच आवाजात मी विचारले, “आपल्याला कोणत्या बाजूला जायचं आहे? हात करून दाखव.”

तिने विचार केला. एवढ्याशा प्रश्नाला विचार करावा लागला, हेच पुरेसे होते. मग तिने आमच्याच खांबांकडे हात केला. लगेच सरांच्या चेहऱ्याकडे पाहून हात दुसरीकडे फिरवला, आणि ओरडली, “मले काही नाही झालं! आई, जा ना वं तू!”

सरांनी ते पाहिले. मी त्यांच्याविषयी हे नोंदवायलाच हवे की त्यानंतर त्यांनी मिनिटे मोजली नाहीत. त्यांनीच पंचांना हात केला. पंचांनी खेळ थांबवला, जवळ येऊन दोन प्रश्न विचारले आणि तिला मैदानाबाहेर पाठवले. ती जाताना रडत होती. “एक पॉइंट आहे, आई. एकच पॉइंट आहे.” मी तिला पायरीवर बसवले, ओले फडके तिच्या मानेवर ठेवले. फडक्याला खडू लागला होता. तिच्या मानेवर पांढरा डाग उमटला.

चौदा जणींनी जिवापाड प्रयत्न केले. पण ज्या कोपऱ्यात माझी मुलगी उभी असती त्याच कोपऱ्यातून रामटेककडची एक मुलगी निसटली आणि तिने चेंडू टेकवला. पुढची लाथ चुकली. एकोणतीस विरुद्ध सतरा. फरक बारा. सामना तिथेच संपला.

ट्राय काकांच्या पुतणीचा होता. काकांनी दोन्ही हात वर उचलले, मग माझ्या मुलीकडे पाहिले आणि खाली घेतले. “बाई, फळा-बिळा ठेव तठीच,” ते म्हणाले. “पोरीले दवाखान्यात ने. मी आटो आनतो.” आणि ऑटोवाल्याशी भाड्यासाठी हुज्जत न घालता त्यांनी त्याला सरळ मैदानाच्या फाटकातून आत आणला.

खरी भीती त्यानंतरची आहे.

ऑटो निघाला. मुलगी माझ्या खांद्यावर डोके ठेवून बसली होती. मग तिने विचारले, “आई, बोनस भेटला काय?”

“नाही ग,” मी म्हटले. “शेवटी एक ट्राय झाला.”

तिचे डोळे भरले. ती मुसमुसून रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. ती थांबली. बाहेर पाहू लागली. सीताबर्डीच्या गर्दीत ऑटो अडकला, कपड्यांच्या दुकानांवरचे दिवे लागत होते. तिने मान वळवली आणि विचारले, “आई, बोनस भेटला काय?”

तोच सूर. तीच भुवई वर. मला वाटले, मुद्दाम विचारते आहे, माझ्यावर रागावून. मी पुन्हा सांगितले. ती पुन्हा तशीच रडली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. ऑटोवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि हॉर्न दाबून धरला.

मी आयुष्यभर मुलांना एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत आले आहे. आज सांगितलेले उद्या विसरणारी मुले मी हजारांनी पाहिली. पण सांगितलेले शब्द कानातून आत जाऊन कुठेही टेकत नाहीत, हे मी कधी पाहिले नव्हते. प्रश्न परत आला की मला बातमी द्यावी लागे, आणि ती बातमी तिच्यासाठी नवी असे. खोटे सांगावे का? ‘हो, मिळाला’ म्हटले तर निदान रडणार तरी नाही. माझ्या तोंडावर ते आलेही होते. पण पुढे कधीतरी शब्द टेकू लागले, आणि नेमका पहिला टेकलेला शब्द खोटा निघाला, तर? म्हणून मी सांगितले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासून लगेच मेंदूचा स्कॅन करायला सांगितले. नंबर लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. तिच्या वडिलांना मी फोन केला. ते बाहेरगावी होते, ते निघाले. मुलीने विचारले, “आई, बोनस भेटला काय?”

या वेळी मी उलट विचारले, “तुला काय वाटतं? हरणाऱ्याला असा गुण देणं न्याय्य आहे का?”

“तू पेपरात पायऱ्यांचे मार्क देतेस ना?” ती म्हणाली. “तसंच आहे ते.”

मला क्षणभर हायसे वाटले, हे तर घरचेच बोलणे. पण काही वेळाने मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा तेच शब्द, तीच ‘ना’वरची उचल, शेवटी तोच किंचित हसरा ओठ. तिसऱ्या वेळीही तसेच. समोर माझी मुलगी बसली होती आणि तिच्यातून एक छापील वाक्य बाहेर येत होते. स्कॅनच्या खोलीचे दार उघडले, तिला आत नेले, दार मिटले. मी दाराबाहेर उभी राहून सात वजा एक, सहा वजा एक, असे काहीतरी मनात मोजत होते, कारण मोजणे थांबले की दुसरे विचार येत होते.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. डॉक्टर तरुण होत्या, थकलेल्या होत्या, पण त्यांनी मला खुर्चीवर बसवून नीट सांगितले: मेंदूला हादरा बसला आहे, आठवण बहुतेक हळूहळू सावरेल, लक्ष ठेवावे लागेल, परवानगी मिळेपर्यंत खेळ बंद. ‘बहुतेक’ हा शब्द मी आयुष्यात इतक्या काळजीने कधी ऐकला नव्हता.

तिला खाटेवर झोपवले. गप्प बसवत नव्हते म्हणून मी बोलू लागले. काकांची गोष्ट सांगितली. दुपट्टा, शेंगा, कापणी, अकरा-बारा मुली, त्या दुसऱ्या संघाला मिळालेला सोपा बोनस. ती छताकडे पाहत होती. ऐकते आहे की नाही कळत नव्हते. मी थकून थांबले. नर्स येऊन रक्तदाब बघून गेली. थोड्या वेळाने मुलगी कुशीवर वळली. मला कळले की आता तो प्रश्न येणार, आणि मी मनाची तयारी केली.

“पण आई,” ती म्हणाली, “त्यांच्या पोरी धान कापायला गेल्या होत्या, तर मग तो बोनस कसला? पायऱ्या कुठे होत्या त्यात?”

गोष्ट आत जाऊन टेकली होती, आणि नुसती टेकून राहिली नव्हती, तर तिच्यावर विचारही झाला होता. मी तिच्या पायाचा अंगठा धरून ठेवला. ती म्हणाली, “रडतेस कशाला? बोनस नाही मिळाला ना आपल्याला? माहीत आहे मला. ट्राय झाला ना त्या कोपऱ्यातून.”

ती आता बरी आहे. पुढच्या मोसमात खेळायचे म्हणते. मी हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही.

तर प्रश्न. मी तक्ता पुन्हा मांडून पाहिला. बोनस पूर्ण काढून टाकला तर आमचे दोन विजयांचे आठ आणि त्या दुसऱ्या संघाचेही आठ. आपसातला सामना त्यांनी जिंकलेला, म्हणून तेच पुढे. म्हणजे बोनसमुळे आमचे स्थान गेले नाही. उलट बोनस होता म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत आम्हाला आशा होती. आणि तो होता म्हणूनच, हरलेल्या सामन्यात, डोके बधिर झालेली माझी मुलगी ‘एकच पॉइंट आहे’ म्हणत उभी राहू पाहत होती. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि मला त्यांतले एकही खोडता येत नाही. त्या संघाचा कापणीतला एक बोनस तेवढा काढला, तर मात्र ते नऊ आणि आम्ही दहा. म्हणून माझे उत्तर असे: हरणाऱ्याचा गुण न्याय्य आहे, कारण तो झुंजीचा गुण आहे. चार ट्रायचा गुण तेव्हाच न्याय्य आहे जेव्हा सगळ्यांना समोरचा संघ सारखाच पुरा मिळतो, आणि ते नियम ठरवत नाही, वेळापत्रक ठरवते. आणि कोणताही गुण मैदानावर असो, बाहेर कोणीतरी असे हवे की ज्याचे लक्ष गुणाकडे नाही.

पण हे उत्तर घाबरलेल्या आईने काढले आहे, आणि घाबरलेल्या माणसाच्या वजाबाकीवर विश्वास ठेवू नये असे मी स्वतःच वर्गात सांगते. नियम वर दिले आहेत, आकडेही दिले आहेत. कृपया एकदा स्वतः मांडून पाहा.